व्याख्यानांचे गाव आणि आम्ही परगावचे श्रोते

केंद्रीय सचिवालयाच्या स्थानकावर गाडीत शिरावे, राजीव चौकात गाडी बदलावी, यमुना ओलांडावी आणि दिवेलागणीच्या सुमारास मयूर विहारास उतरावे, हा आमचा आठ वर्षांचा नित्यक्रम आहे. घरी येऊन चहाचा पेला हाती घेतला, की पुण्याहून आमच्या थोरल्या ताईंनी धाडलेले एक छायाचित्र मोबाईलवर वाट पाहत असते. तेथील वृत्तपत्रात 'आजचे कार्यक्रम' म्हणून जे बारीक अक्षरांचे सदर येते, त्याचे ते छायाचित्र. एका सभागृहात कुणाचे स्मृतिव्याख्यान, दुसरीकडे पुस्तक-प्रकाशन, तिसरीकडे महाविद्यालयीन मुलांच्या एकांकिका, कुठे गाण्याची बैठक, कुठे संशोधकांचे निबंधवाचन आणि कुठे विनोदाचा कार्यक्रम. ताईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांचे यांपैकी कुठेही जाणे होत नाही. आमच्या वाटेत तर सुमारे दीड हजार किलोमीटरांचे अंतर आहे. तरी त्या पाठवितात आणि आम्ही वाचतो. भुकेल्याने पाकक्रियेचे पुस्तक वाचावे, तशातला हा प्रकार.

या सदराविषयी आज लिहावयाचे, त्यास एक कारण घडले आहे. आमच्या वसाहतीतील मराठी मंडळी दर महिन्याच्या अखेरच्या शनिवारी बारातघराच्या मागील खोलीत जमतात. कधी एखादा निबंध, कधी काव्यवाचन, कधी प्रवासवर्णन. खुर्च्या चाळीस मांडल्या जातात. गेल्या खेपेस अकरा भरल्या आणि त्यांतील दोन वक्त्याच्या घरच्या होत्या. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी सूचना मांडली, की आता ही मासिक सभा बंद करावी व गणेशोत्सवाचे पाच दिवस तेवढे राखावे. पुण्यात हे सारे आपोआप होते, येथे ते ओढूनताणून करण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढील सभेत या सूचनेवर मत घ्यावयाचे असून तोवर एक टिपण तयार करण्याचे काम, आम्ही कारकून म्हणून, आमच्याकडे आले.

टिपण लिहावयास बसलो आणि 'आपोआप' या शब्दापाशी अडलो. पुण्यात हे खरोखरच आपोआप झाले काय? त्याचा शोध घेता घेता टिपणाचा निबंध झाला. तोच वाचकांपुढे ठेवीत आहो. आपणही आमच्यासारखेच कुठे तरी बदलीवर असाल आणि आपल्याही गावी अशी एखादी अर्धी रिकामी खोली असेल, असा आमचा अंदाज आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुणे हे विद्यापीठाचे गाव, म्हणून तेथे व्याख्याने होतात, असे आपण समजतो. वस्तुस्थिती उलट आहे. पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे. परंतु पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. म्हणजे ती फर्ग्युसनहून दहा वर्षांनी आणि विद्यापीठाहून चौऱ्याहत्तर वर्षांनी वडील आहे. तेथे आधी श्रोते जमले व मग विद्यापीठ आले. पदवी मिळण्यापूर्वी ऐकण्याची सवय लागलेली होती.

ही सवय कोठून आली, हे पाहू गेले तर प्रारंभी एक पराभव आढळतो. आमच्या मयूर विहारास लागून पटपडगंज आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी येथे जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या फौजेचा सेनानी लुई बुर्क्वँ हा फ्रेंच होता. नॉएडाच्या गोल्फ मैदानात या लढाईचा स्मारकस्तंभ उभा आहे. त्या दिवशी दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. पुढे पंधरा वर्षांत पुणेही गेले. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत, ती वाटणारा हातच १८१८ साली उरला नाही. नव्या राज्याच्या एल्फिन्स्टनसाहेबाने त्या दक्षिणेच्या द्रव्यातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. आजच्या डेक्कन महाविद्यालयाचे मूळ तेच. दक्षिणा एका जातीपुरती होती, आणि पाठशाळाही प्रारंभी तिच्यापुरतीच होती. परंतु द्रव्य एकदा पाठशाळेत आले की त्याला नवे वाटेकरी फुटतात, आणि तसेच घडले.

१८४८ साल या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. एका दाराने शिकलेले लोक वाचनास एकत्र येऊ लागले आणि दुसऱ्या दाराने ज्यांना आजवर कुणी बोलावलेच नव्हते, ते आत आले. पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा पुढील सारा इतिहास या दोन दारांमधील ये-जा आणि ओढाताण यांचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

आता व्याख्यानमालेकडे येऊ. ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सुरू केली. या ठिकाणी आमच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. रानडे सरकारी नोकर होते. १८७१ पासून ते पुण्यात न्यायखात्यात काम करीत होते. दिवसभर फिर्यादी ऐकावयाच्या आणि संध्याकाळी सभा भरवावयाच्या, असा त्यांचा क्रम. सरकारची मर्जी यावर होतीच असे नाही. १८७८ साली त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, त्यांना तेथून धुळ्यास हलविण्यात आले. संशयाने झालेल्या बदल्या त्या. पुण्याच्या सांस्कृतिक वैभवाचा पाया घालणारा पुरुष हा असा बदलीच्या हुकुमाखाली वावरणारा मनुष्य होता. आपल्याला वेळ नाही, वरिष्ठांस आवडत नाही, आज येथे तर उद्या दुसरीकडे, ही जी कारणे आम्ही एकमेकांना देतो, ती सर्व रानड्यांना देता आली असती. त्यांनी ती दिली नाहीत.

व्याख्यानमालेने दीडशे वर्षांचा टप्पा पाहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, एप्रिल-मे महिन्यांत, रोज संध्याकाळी एक व्याख्यान, हा तिचा साचा. त्यात नवल काही नाही. विषय अर्थशास्त्राचा असो, शेतीचा असो वा संतवाङ्मयाचा, ठरल्या वेळी वक्ता उभा राहतो व ठरल्या वेळी श्रोते येऊन बसतात. या साधेपणातच तिचे आयुष्य आहे. ज्या गोष्टीस दर वर्षी नवी कल्पना लागते, ती गोष्ट कल्पना संपली की संपते. जी गोष्ट तारखेवर चालते, ती माणसे बदलली तरी चालू राहते. कचेरीत राहून आम्ही एवढे तरी शिकलो आहो.

परंतु पुण्याची केवळ स्तुती करावयाची, तर हा निबंध लिहिण्याचे कारण नव्हते. तेच १८७५ साल घ्या. रानड्यांच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंद सरस्वती त्या वर्षी पुण्यास आले व त्यांची पंधरा व्याख्याने झाली. सप्टेंबरमध्ये त्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी एका गाढवाला सजवून 'गर्दभानंद' म्हणून त्याची मिरवणूक काढली. दयानंदांच्या मिरवणुकीवर चिखल फेकला गेला. संरक्षणास जोतीराव फुले आपल्या मंडळींसह आले होते. विनोदाचा हाही एक सार्वजनिक कार्यक्रमच म्हणावयाचा! पुढे गोपाळ गणेश आगरकरांची तर ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढण्यात आली. हसण्याची कला पुणेकरांना पुष्कळ आधीपासून अवगत होती. मात्र ती बराच काळ दुसऱ्याला खाली पाडण्याच्या कामी आली, हे कबूल केले पाहिजे.

सभागृहाच्या दाराचीही तीच कथा. ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत रानड्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाची परंपरा तेथून मोजतात. १८८५ साली दुसरी सभा झाली, तिचे निमंत्रण जोतीरावांना गेले. त्यांनी येण्यास नकार दिला व त्याची कारणे पत्रात कळविली. ज्या लोकांच्या मनात सर्वांना मनुष्याचे हक्क देण्याची तयारी नाही, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ते पत्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कोणत्याही अध्यक्षीय भाषणाइतकेच महत्त्वाचे आहे. निमंत्रण धाडले म्हणजे दार उघडले, असे होत नाही. आत येणाऱ्याला आपण आत आलो असे वाटले पाहिजे. मधल्या काळात, १८८२ साली, पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व आर्य महिला समाज स्थापन झाला. स्त्रियांनी सभेत बसणे, मग बोलणे, मग सभा चालविणे, या प्रत्येक पायरीवर टीका झाली. १८९५ साली राष्ट्रसभेचे अधिवेशन पुण्यात भरले. तिच्याच मंडपात सामाजिक परिषद भरविण्याची प्रथा होती. पुण्यातील विरोध इतका चढला, की रानड्यांनी परिषद अन्य जागी घेतली. ज्याने गावाला सभा भरवावयास शिकविले, त्यालाच गावाने मंडप नाकारला!

या वादांचे टोक म्हणून चहाचे प्रकरण सांगण्याजोगे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. शहरातील प्रतिष्ठित मंडळी आली होती. रानडे व टिळक त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा व बिस्किटे पुढे आली. कोणी प्याले, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी नावाचे गृहस्थ, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, तेथे होते. त्यांनी हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापविली. मग काय विचारता! ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. व्याख्यान कशावर होते, हे आज कोणाला स्मरत नाही. चहा मात्र इतिहासात राहिला. गोपाळरावांचा हेतू गंमत करण्याचा होता की सोंग उघडे पाडण्याचा, याविषयी दुमत असू शकेल. पण एका पेल्याने समाजाची जी परीक्षा झाली, ती शंभर व्याख्यानांनी झाली नसती. सभेनंतरचा चहा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कोण कोणाबरोबर पेला उचलतो, यावर ती सभा कोणाची हे ठरत असते.

रंगभूमीचा इतिहास याहून प्रसन्न आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. अण्णासाहेब हेही सरकारी कचेरीत नोकरी केलेले गृहस्थ. कारकुनी पेशात वाङ्मय सुचत नाही, असे मानणाऱ्यांनी ही नोंद करून ठेवावी.

विनोदाचेही पुढे वळण बदलले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे' या लेखांनी रूढींची थट्टा केली, परंतु थट्टा करणारा स्वतःच त्या रूढींच्या घरात राहत होता. हसणारा व हसू होणारा एकाच पंगतीस बसला. राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' होऊन तीच वाट रुंद केली. चिंतामण विनायक जोश्यांनी चिमणराव उभा केला तो बडोद्यास पालीचे अध्यापन करता करता, म्हणजे मराठी मुलखाबाहेर बसून. आपल्याच मध्यमवर्गाची गंमत त्यांना इतकी स्पष्ट दिसली, याचे एक कारण हे अंतरही असावे, अशी आमची समजूत आहे. पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' १९६१ पासून एकट्याच्या बळावर रंगमंचावर उभी केली. तेही काही काळ आकाशवाणीच्या नोकरीत याच दिल्लीत राहून गेले होते. गाढवाच्या मिरवणुकीपासून चाळीपर्यंतचा हा प्रवास आहे. पहिल्यात परक्याला हसावयाचे होते, दुसऱ्यात आपल्याला. समाज सुसंस्कृत झाला किंवा नाही, हे तो कोणाला हसतो यावरून कळते.

अर्थात जुनी खोड एका पिढीत जात नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' प्रथम झाले. जब्बार पटेल दिग्दर्शक, भास्कर चंदावरकरांचे संगीत. पेशवाईतील पुण्याचे चित्र पाहून शहर खवळले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबविले. मग त्यातील तरुण मंडळींनी १९७३ साली थिएटर अकॅडमी ही वेगळी संस्था काढली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा सुरू केले. पुढे ते युरोपात गाजले. येथेही क्रम तोच आहे. दार बंद झाले, तेव्हा कुणी तरी शेजारी दुसरी खोली घेतली.

यापुढील दोन उपक्रमांचे मूळही असेच लहान आहे. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीस, १९५३ मध्ये, शिष्य भीमसेन जोशी व इतर मंडळींनी गाण्याचा उत्सव केला. गुरूचे श्राद्ध म्हणून जे आरंभिले, ते देशातील एक मोठे संगीतपर्व झाले. आज त्यास भीमसेनांचेही नाव जोडलेले आहे व ते डिसेंबरच्या थंडीत भरते. दुसरा उपक्रम पुरुषोत्तम करंडकाचा. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली महाविद्यालयीन मुलांसाठी ही एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरातील तिची आरडाओरड ज्याने ऐकली नाही, त्याला तारुण्याचा आवाज ठाऊक नाही. २०२२ साली परीक्षकांनी करंडकास एकही एकांकिका पात्र नाही असा निर्णय दिला व करंडक कोणालाच दिला नाही. पुष्कळांना तो कठोर वाटला. आम्हांस मात्र त्यात एका परंपरेचा ताठ कणा दिसला. बक्षीस द्यावयाचे म्हणून देणे आणि सभा भरवावयाची म्हणून भरविणे, ही दोन्ही एकाच रोगाची लक्षणे होत.

विद्वत्सभांविषयी दोन शब्द सांगून हा भाग पुरा करू. ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. त्याच्या पाक्षिक सभांत नवे कागद वाचून दाखविले जात व त्यांवर खल होई. एखाद्या मोडी पत्राच्या तारखेवरून भांडणे होत. ती भांडणे म्हणजेच मराठ्यांच्या इतिहासाचे विद्यापीठ होते. तसेच २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृतिव्याख्यानासाठी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर पुण्यात उभे राहिले. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना स्वातंत्र्यास कशी बाधक आहे, याची त्यांनी कलमवार चिकित्सा केली. चोपन्न वर्षांपूर्वी ज्या गावच्या ग्रंथकारसभेस जोतीरावांनी पाठ फिरविली, त्याच गावी जोतीरावांना गुरू मानणारा पुरुष विद्वानांपुढे बोलत होता आणि विद्वान ऐकत होते. दार उघडावयास किती वर्षे लागतात, याचा हा हिशेब आहे. आणि अजूनही सर्व दारे उघडली, असे पुण्याचा पक्षपातीदेखील म्हणणार नाही.

आता आमच्या बारातघराकडे वळू. पुण्यात काहीही आपोआप झालेले नाही, एवढे वरील हकिकतीवरून सिद्ध झाले असावे. तेथे बदलीची टांगती तलवार होती, चिखल होता, बहिष्कार होता. आमच्या खोलीत फक्त रिकाम्या खुर्च्या आहेत. आम्हांवर कोणी चिखल फेकीत नाही, याचे कारण आम्ही शहाणे आहो हे नव्हे. चिखल फेकावा असे आम्ही काही बोलतच नाही! वर्षानुवर्षे त्याच कविता, त्याच आठवणी आणि गावाकडच्या पावसाची तीच वर्णने. प्रश्न विचारण्याची प्रथा आम्ही ठेवली नाही, कारण वाद नको. वाद नको म्हणून नवा विषय नको, नवा विषय नको म्हणून तरुण येत नाहीत आणि तरुण येत नाहीत म्हणून सभा बंद करावी, असा हा सरळ उतार आहे.

दुसरा दोष दाराचा. दिल्लीत मराठी साहित्य संमेलन १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. त्यानंतर थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा मैदानाच्या सभागृहात अठ्ठ्याण्णवावे संमेलन झाले. डॉक्टर तारा भवाळकर अध्यक्षा होत्या. आम्ही सर्वजण गेलो, आणि १७३७ साली बाजीरावाचा तळ याच ठिकाणी पडला होता, असे एकमेकांस सांगून छाती फुगवून परत आलो. सत्तर वर्षांत दोन संमेलने! मधल्या हजारो संध्याकाळींचे काय? आणि त्या संध्याकाळी आमचे शेजारी कोण होते? येथे गुरुवायूरप्पनच्या मंदिराभोवती नांदणारा मल्याळी समाज आहे. हिंदीतील राजेंद्र यादव येथे राहत. कृष्णा सोबती येथेच राहत. आम्ही बदलून आलो तेव्हा सोबतीबाई हयात होत्या. त्या आमच्याच मयूर विहारात राहतात, हे आम्हांस जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्या निधनाच्या बातमीवरून कळले. पुण्यातील आजचे कार्यक्रम रोज वाचणाऱ्या मनुष्यास आपल्या वस्तीत कोण राहते हे ठाऊक नसावे! ती बातमी वाचली त्या सकाळची शरम अजून गेलेली नाही.

या बाबतीत लोकहितवादींचे उदाहरण आमच्या डोळ्यांपुढे येते. गोपाळ हरी देशमुख न्यायखात्याच्या नोकरीत अहमदाबादेस होते. तेथे बसून ते पुण्यासाठी झुरत राहिले नाहीत. त्यांनी गुजराती भाषेच्या संस्थेस चेतना दिली, प्रार्थना समाजाची शाखा काढली आणि गुजराती व इंग्रजीत 'हितेच्छु' पत्र चालविले. बदलीचे गाव त्यांनी आपले मानले आणि तसे करताना त्यांचे मराठीपण उणे झाले नाही.

म्हणून आमचे टिपण पुढीलप्रमाणे आहे. सभा बंद करू नये. तिची तारीख बदलू नये, अकरा आले तरी आणि तीन आले तरी. प्रत्येक वाचनानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा व वक्त्याने उत्तरे द्यावी. वर्षातून निदान चार सभा हिंदीत घ्याव्यात व शेजाऱ्यांना घरी जाऊन बोलवावे. भिंतीवरील कागदाने कोणी येत नाही. वसाहतीत आपल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या, आपल्या फाटकावर पहारा देणाऱ्या माणसांनाही खुर्ची आहे, हे बोलून दाखवावे, कारण न बोललेले निमंत्रण त्यांना ऐकू जात नाही. आणि तरुणांना विनोदाचा एक कार्यक्रम करू द्यावा, ज्यात त्यांनी आम्हां ज्येष्ठांची यथेच्छ थट्टा करावी.

पहिल्या सभेचा विषय आम्ही स्वतः घेतला आहे: ११ सप्टेंबर १८०३, पटपडगंज. बोलणे हिंदीत होईल, कारण ती लढाई ज्यांच्या शेतांत झाली त्या गावच्या लोकांनीही ती ऐकावी. मत काय पडते, ते पुढील शनिवारी कळेल. सूचना मांडणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही हे टिपण आधीच वाचून दाखविले. ते काही बोलले नाहीत. मात्र खुर्च्या मांडावयास अर्धा तास लवकर येतो, असे जाताना म्हणाले.

ताईंना येथील कार्यक्रमाची ओळ लिहून कळविली आहे. पुण्याच्या सदरात ती यावयाची नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. सभेनंतर चहा आहे. तो सर्वांनी घ्यावा. नावे कोणी छापणार नाही.